पाचवा हात

भिकनला घोंगडीचा वास येईना, तेव्हा बानाबाईच्या काळजात धस्स झालं.

धुळवडीची सकाळ होती. लासूर स्टेशनपासून कोसावर आप्पासाहेबांचा मळा, आणि मळ्यातल्या गोठ्याला लागून पत्र्याची खोली. त्या खोलीत भिकन डोकं धरून बसला होता. अंग ठणकत होतं. पण पन्नाशीच्या सालगड्याचं अंग ठणकायला वेगळं कारण लागत नाही. कांद्याची काढणी चालू होती, तेवढं पुरे. बानाबाईनं चहा पुढं ठेवला आणि म्हणाली, "आज ती घोंगडी उन्हात टाका. लई वास मारतीय."

भिकननं घोंगडी नाकाशी नेली. हुंगली. पुन्हा हुंगली.

"कुठं मारतीय वास?"

आता ही घोंगडी काही साधी नव्हती. दुष्काळात मेंढरं विकली, त्याच्या आधीच्या शेवटच्या कातरणीची लोकर तिच्यात होती. नऊ वर्षं झाली, मेंढरं गेली, पण मेंढरांचा वास काही घोंगडीतून गेला नाही. पावसाळ्यात तर ती दमट झाली की मालकीणबाई ओट्यावरून पदर नाकाला लावून ओरडायच्या, "भिकन, तिकडूनच बोल!" भिकनला त्या वासाचा अभिमान होता. आणि आज तोच माणूस विचारत होता, कुठं मारतीय वास.

बानाबाईनं कांदा फोडून त्याच्या नाकाशी धरला. काही नाही. मग तिनं देव्हाऱ्यातली पिशवी काढली आणि खंडोबाच्या भंडाऱ्याची चिमूट त्याच्या नाकापुढं नेली.

"पिवळं दिसतंय," भिकन म्हणाला. "पण वास नाय."

वर्षभर फोन लावला की एक बाई खोकून-खोकून हेच सांगत होती. वास गेला, चव गेली, अंग दुखलं, तर समजा. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

"मालकाला सांगून येतो," भिकन उठला.

"अवं थांबा. आधी आवडाबाईला इचारू." आवडाबाई म्हणजे गावातली आशाताई. गोळ्या तिच्याकडं, बोटाला लावायचा चिमटा तिच्याकडं.

"इचारायचं काय त्यात? मेंढराच्या नाकाला शेंबूड दिसला तरी आपून शेजारच्या वाड्याला सांगतो. मंग हे तर माणसांचं हाये."

रानात मेंढरांचे वाडे बसतात तिथं हा नियमच असतो. ज्याच्या कळपात रोग शिरला त्यानं ऊन चढायच्या आत बाकीच्या वाड्यांना निरोप धाडायचा, म्हणजे ते पाण्याची जागा बदलतात. भिकनच्या बापानं एकदा असाच निरोप धाडला होता आणि पंधरा दिवस ओढ्याच्या एका अंगाला एकटा कळप घेऊन राहिला होता. लोकांनी त्याला रोज भाकरी आणून दिली. रोग तू आणलास असं एकानंही म्हटलं नाही. जो लपवतो त्याच्या पंगतीला मात्र मग कोणी बसत नसे.

नऊ वर्षं मळ्यात काढूनही भिकनला वाटत होतं की जगाचा कायदा तोच आहे. चूक झाली ती एवढीच.

*

आप्पासाहेब ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. आतल्या खोलीतून त्यांचा धाकटा भाऊ बद्रीनाथ खोकत होता. बद्रीनाथचं शहरात गुलमंडीवर कापडाचं दुकान. रोग वाढला तसा तो होळीच्या चार दिवस आधी गाडी भरून मळ्यावर आला होता. चार बॅगा भिकननंच डोक्यावरून आत नेल्या, तेव्हा बद्रीनाथ त्याच्या मागं-मागं खोकत चालत होता. "धुळीनं होतं मला असं," म्हणाला होता.

भिकन अंगणाच्या पार कडेला, कडुनिंबाखाली थांबला. सगळं सांगितलं.

आप्पासाहेब इतक्या झटक्यानं उठले की खुर्ची मागं कलंडली. मग त्यांनी एकदा आतल्या खोलीकडं पाहिलं, एकदा बांधापलीकडं कांदे कापत बसलेल्या बायांकडं पाहिलं, आणि आवाज चढवला. एवढा चढवला की बायांचे विळे थांबले.

"कुठून आणलंस रे हे, भिक्या? लासूरच्या बाजारात उंडारत गेला असशील!"

"मालक, तुम्हीच धाडलं व्हतं. पेंडीचं पोतं आणायला."

"तोंडाला तोंड देऊ नको! माझ्या घरात लेकरंबाळं हायेत. रोग घरात घातलास तू माझ्या!"

गोठ्याच्या दारातून बानाबाई हे सगळं पाहत होती. नवऱ्याची मान खाली गेलेली तिनं दुष्काळातसुद्धा पाहिली नव्हती.

दुपारपर्यंत फोनाफोनी होऊन सगळ्या वस्त्यांवर कळलं की आप्पासाहेबांच्या मळ्यात भिकन धनगरानं रोग आणला. कांदा कापणाऱ्या बाया उठून गेल्या. किराणा दुकानदारानं कुणाच्या तरी हाती निरोप धाडला, भिकनच्या घरच्यांनी दुकानाकडं फिरकू नये.

नाल्यापलीकडं जुन्या विहिरीपाशी इंजनाची खोली होती. इंजन कधीच भंगारात गेलं होतं. तेलाचे डाग, पाली आणि एक खिडकी तेवढी राहिली होती. तिथं दोघांनी राहायचं असं ठरलं. ठरवलं आप्पासाहेबांनी. पण कांदा उघड्यावर पडला होता, तो साठवणीच्या चाळीत जायला हवा होता. म्हणून बानाबाईनं दिवसा येऊन एकटीनं कांदा कापायचा, पण घराकडं यायचं नाही, माठाला हात लावायचा नाही. रोगाची भीती होती, पण कांद्यापुरती ती बाजूला ठेवता येत होती.

दुसऱ्या दिवशी ती विळा घेऊन वावरात आली, तर बांधावर कडूबा उभा. कडूबा मळ्यावरचा रोजंदारीचा गडी, भिकनला दादा म्हणणारा. त्याच्या पाठीवर फवारणीचा पंप होता आणि मागं, दहा पावलांवर, आप्पासाहेब.

"सगळीकडून मार," आप्पासाहेब म्हणाले. "पायाकडूनबी."

"वैनी, डोळे मिटा," कडूबा एवढंच बोलला.

थंड पाण्याची धार तिच्या पदरावर, पोटावर, पायांवर आली. पाण्यात कसलं तरी औषध होतं. डोळे मिटूनही झोंबलं. त्यात कांद्यावर मारायच्या विषाचा जुना वासही होता, पंप काही कुणी धुतला नव्हता. बानाबाई तशीच उभी राहिली. किडीवर मारतात तसं तिच्यावर मारत होते. फवारून झाल्यावर तिनं लुगडं पिळलं, विळा उचलला आणि सरीत बसली. त्या दिवशी तिनं रोजच्यापेक्षा दोन पाट्या जास्त कांदा कापला. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. पण मान वर ठेवायची तर हात चालू ठेवावे लागतात, एवढं तिला कळत होतं.

पाणी प्यायला मिळे ते ओंजळीत. मालकीणबाई, म्हणजे लक्ष्मीबाई, नाल्याच्या काठावर येत, तांब्या उंच धरत आणि वरून ओतत. भाकरी दगडावर ठेवून मागं सरत. मीठसुद्धा वरून सोडत. निम्मं वाऱ्यावर जाई.

आप्पासाहेब मुळात वाईट माणूस होता असंही नाही. नऊ वर्षांत दिवाळीचं लुगडं कधी चुकलं नव्हतं. बानाबाईच्या लेकीच्या लग्नात त्यांनी मंडप स्वतः उभा राहून घालून घेतला होता. म्हणून तर हे जास्त लागत होतं.

*

इंजनाच्या खोलीत भिकनचा ताप चढत गेला. आवडाबाई रोज सायकलीवर येई, दारात उभी राहून चिमटा आत देई. चिमट्यात भिकनचं बोट घातलं की लाल आकडा दिसे. पहिल्या दिवशी शहाण्णव. मग चौऱ्याण्णव. पाचव्या दिवशी एक्क्याण्णव.

"गंगापूरच्या दवाखान्यात खाट नाय," आवडाबाई म्हणाली. ती बाई महिनाभर झोपली नव्हती, डोळे आत गेले होते. "शहरातबी नाय. पालथं झोपवा. आणि लांब श्वास घ्यायला लावा. दहा मोजेपर्यंत आत, दहा मोजेपर्यंत भाईर."

मोजणं भिकनला कधी जमलंच नव्हतं. शंभर मेंढरं तो नजरेनं ओळखत असे, कोणतं नाही ते लगेच सांगे, पण आकडे म्हटले की गोंधळे. तीन म्हणता म्हणता त्याला ढास लागली. बानाबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि थोडा विचार केला.

"आकडे ऱ्हाऊ द्या. मी म्हणते तसं करा. येळकोट येळकोट म्हणंस्तोवर आत घ्या. जय मल्हार म्हणलं की सोडा."

ती सावकाश म्हणू लागली, "येऽळकोट, येऽळकोट..."

भिकनची पाठ फुगली.

"जऽय मल्हार."

पाठ खाली बसली.

दुपारी पत्र्यासारखी तापणारी ती खोली, बाहेर होला घुमतोय, आणि आत एक बाई नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवून देवाच्या नावानं त्याचा श्वास आत-बाहेर करतेय. शहराला लागून असलेल्या सातारा गावच्या खंडोबाला जायची तिची लई इच्छा होती, पण देवळं बंद होती, आणि असती उघडी तरी कोण जाऊ देणार होतं! मग तिनं भिंतीतल्या कोनाड्यातलं तेलकट जळमट पुसलं, तिथं भंडाऱ्याची पिशवी ठेवली आणि तेच देऊळ केलं. खरं सांगायचं तर तिला देव इतका जवळ कधी वाटलाच नव्हता. एरवी देवाला वर्षातून एकदा भेटायचं. आता प्रत्येक श्वासाला त्याचं काम होतं.

त्या दिवशी ती हात जोडून मोठ्यानं बोलली. "खंडेराया, ह्यांना उठव. पाडव्याला तुझी तळी उचलीन. पाच हातांची उचलीन. आन् हितं कोपऱ्यात नाय, मालकाच्या अंगणात उचलीन."

भिकननं पालथं पडल्या-पडल्या विचारलं, "पाच हात आणती कुठून? एकाच ताटाला पाच जण धरायचं म्हंजी बोटाला बोट लागतं. आपल्या सावलीला कुणी थांबंना."

"त्याचं मी पाहीन. तुम्ही श्वास घ्या."

तिच्याही अंगात दोन दिवस कणकण होती. ती तिनं आवडाबाईला सांगितली, एक गोळी घेतली आणि कांदे कापायला गेली.

सहाव्या दिवशी आकडा त्र्याण्णव झाला. आठव्या दिवशी पंच्याण्णव. भिकन भिंतीला टेकून बसू लागला, भाकरीचा काला खाऊ लागला. वास मात्र नव्हता. बसता येऊ लागलं तसा तो म्हणाला, "बाने, चल जाऊ हितून. सांडू बोलवतोय."

सांडू म्हणजे बानाबाईचा भाऊ. अजिंठ्याच्या बाजूला त्याचा साठ मेंढरांचा कळप होता आणि त्याला एकट्यानं होत नव्हतं. वर्षभर तो फोन करत होता, दाजी या, मिळून राखू.

"जायचं," बानाबाई म्हणाली. "पण आत्ता नाय. साल भरू द्या. पाडव्याला जाऊ."

"मालकानं असं हाकललं, तरीबी?"

"म्हणूनच. आज गेलो तर रोग पसरवून पळाले म्हणतील. ते नाव घेऊन सांडूच्या कळपात गेलो तर कोण आपल्याला वावरात मेंढरं बसवू दील? कोण हिरीवर पाणी पाजू दील? सांडूचं बी मरण. आधी नाव धुवायचं. मग आपल्या पायानं जायचं."

सालगड्याचं साल पाडव्याला सुरू होतं आणि पाडव्याला संपतं. त्या दिवशी मालक गड्याच्या हातावर सुपारी ठेवतो. गड्यानं ती कनवटीला लावली की पुढचं साल पक्कं. पाडवा आठ दिवसांवर होता.

*

दुसऱ्या दिवशी गाई ओरडू लागल्या.

बानाबाई वावरात होती. सकाळची उन्हं डोक्यावर आली तरी गोठ्यातून हंबरणं थांबेना. धार न काढलेल्या गाईचं हंबरणं वेगळं असतं, त्यात दुखणं असतं. ती थोडा वेळ ऐकत राहिली. मग विळा तिथंच टाकून, घराकडं यायचं नाही हा हुकूम तुडवत गोठ्यात गेली.

चार जरशी गाई, चौघींच्या कासा दगडासारख्या. कडूबाचा पत्ता नव्हता. तिनं बादली घेतली, पहिल्या गाईच्या मागच्या पायांना दावं बांधलं आणि खाली बसली. गाईनं मान वळवून तिला हुंगलं आणि शांत झाली. निदान हिचं नाक तरी शाबूत आहे, बानाबाईला वाटलं.

तिसऱ्या गाईला ती बसली होती तेव्हा मागच्या दाराशी लक्ष्मीबाई दिसल्या. केस विस्कटलेले, भिंतीला धरून उभ्या.

"बानाबाई... घरात कोणी उभं नाय गं. हे तापानं फणफणलेत. बद्रीभाऊजींना पहाटं ॲम्बुलन्स घेऊन गेली. कडूबा कालच पळाला."

बानाबाई धार काढत राहिली. "कवाधरनं आजारी हाये सगळे?"

लक्ष्मीबाई खालीच बसल्या आणि रडू लागल्या. "ह्यांना चार दिस झाले. आन् तुला खोटं सांगून कुठं फेडू? भाऊजींचा रिपोर्ट शहरातच आला व्हता. तो घेऊनच हिकडं आले. घरात दोघा भावांनाच ठाव होतं. मला काल कळलं. भिकननं... भिकननं बॅगा उचलल्या ना त्यांच्या."

दुधाची धार बादलीत वाजायची थांबली.

बानाबाईच्या डोळ्यांपुढं फवारणीचा पंप आला. पायाकडूनबी मार म्हणणारा आवाज आला. वाटलं, बादली उचलावी आणि या अंगणात ओतून द्यावी. मग शिवारभर ओरडत जावं. तिचा हात बादलीच्या कडीवर गेलाही होता. पण चौथी गाय हंबरली. तिच्या सडांतून दूध आपोआप ठिबकत होतं. या मुक्या जिवानं कोणाचं काय केलं होतं?

ती उठली आणि चौथ्या गाईखाली बसली.

"बाहेर बोलू नको गं," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

"म्या बोलणार नाय," बानाबाई म्हणाली. "ज्याचं त्यानं बोलावं."

त्या दिवसापासून दोन्ही वेळची धार, शेणघाण, वैरण सगळं तिच्यावर आलं. ती ते करत होती आणि वर तांदळाची पेज शिजवून मागच्या दाराशी नेत होती. पहिल्या दिवशी लक्ष्मीबाईंनी सवयीनं म्हटलं, "दगडावर ठेव." बानाबाई पुढं गेली आणि वाटी त्यांच्या हातात दिली. हाताला हात लागला. लक्ष्मीबाईंनी वाटीत पाहतच पेज संपवली. यात बानाबाईचा मोठेपणा किती आणि त्यांना खाली पाहायला लावण्याचं सुख किती, हे तिचं तिलाच ठाऊक. थोडं सुख होतंच, का नसावं!

*

पाडव्याला दोन दिवस असताना आप्पासाहेब काठी धरून गोठ्यापर्यंत आले. दाढी वाढलेली, गाल बसलेले. बद्रीनाथ दवाखान्यातून सुखरूप येत होता.

"बाने, तू होतीस म्हणून जनावरं वाचली," ते म्हणाले. "पाडव्याला काय पाहिजे ते माग. लुगडं माग, धान्य माग."

बानाबाईनं शेणाचे हात धुतले, पदराला पुसले.

"पाडव्याला तुमच्या अंगणात खंडोबाची तळी उचलायची हाये. पाच हात लागतात. हे हायेत. माझा भाऊ सांडू येतोय. डेअरीला दूध नेणारा कारभारी, आवडाबाईचा नवरा, व्हय म्हणला. कडूबा काल येऊन रडून गेला, तो चौथा. पाचवा हात तुमचा पायजे."

"माझा?"

"आन् तळी उचलल्यावर लोकांसमोर सांगायचं, रोग कुठून आला ते."

आप्पासाहेबांचा चेहरा उतरला. लक्ष्मीबाई बोलल्या हे त्यांना उमगलं.

"त्याची काय गरज हाये? भिकन बरा झाला ना? गाव विसरलं असंल."

"गाव विसरलं असंल. किराणावाला इसरला नाय. कालबी त्यानं मला काठीनं मागं सारलं."

"बद्रीचं दुकान हाये, बाने. चार लोकांत उठबस हाये आमची."

"आमचीबी चार मेंढरांत उठबस हाये, आप्पासाहेब."

"आन् नाय बोललो तर?"

"तर नका बोलू," बानाबाई म्हणाली. "तळी मंग चार हातांवर थांबंल. देव पाहील. मी दूध काढायची थांबणार नाय, त्याची काळजी करू नका."

आप्पासाहेब काठीनं माती उकरत राहिले आणि मग निघून गेले.

*

पाडव्याला घरावर गुढी उभी राहिली. अंगण बानाबाईनंच सारवलं. भिकन विहिरीवर आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, तांबडं मुंडासं बांधून आला. पंधरा दिवसांत तो निम्मा झाला होता, पण चालला ताठ. सांडू मोटारसायकलवरून आला होता. कारभारी दुधाचे कॅन उतरवून थांबला. कडूबा सगळ्यांच्या मागं, बानाबाईची नजर चुकवत. वेगळं राहायचे दिवस भरलेत, आता कुणापासून कुणाला काही नाही, असं आवडाबाईनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. तरी कुंपणापलीकडं जमलेल्या कांदा कापणाऱ्या बाया तोंडाला पदर घट्ट धरूनच होत्या. कोण तळी उचलतंय यापेक्षा कोण उचलत नाही, ते पाहायला त्या आल्या होत्या.

भिकनचं मुंडासं खाली ठेवून त्यावर ताट ठेवलं. ताटात विड्याची पानं, सुपाऱ्या, खोबऱ्याची वाटी आणि मधोमध भंडाऱ्याचा ढीग. चौघे ताटाभोवती बसले. चौघांनी कड धरली. पाचवी जागा मोकळी.

गुढीवरच्या साखरेच्या माळेला मुंग्या लागल्या होत्या. बानाबाईनं ओट्याकडं पाहिलंच नाही. तिनं भंडाऱ्याकडं पाहिलं. खंडेराया, ह्यांचा श्वास तू ओढलास, आता एवढा एक हात ओढ.

दाराची कडी वाजली. आप्पासाहेब बाहेर आले. चपला ओट्याखाली काढल्या, अंगण ओलांडलं, आणि भिकन आणि कडूबा यांच्या मधे खाली बसले. तोंडावर मास्क होता. तो त्यांनी हनुवटीखाली ओढला आणि ताटाची कड धरली. त्यांची करंगळी भिकनच्या बोटाला टेकली.

"सदानंदाचा येळकोट!" सांडूनं आरोळी दिली.

ताट वर गेलं. "येळकोट येळकोट जय मल्हार!" खाली आलं. पुन्हा वर गेलं. तिसऱ्यांदा ताट छातीपर्यंत आलं तेव्हा वाऱ्याची झुळूक आली, भंडारा उडाला आणि भिकन सणसणून शिंकला.

कुंपणावरच्या बाया चार पावलं मागं सरल्या. कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं. कडूबाचे डोळे विस्फारले. पण उचललेली तळी मधेच सोडता येत नाही. आप्पासाहेबांच्या तोंडावरचा रंग गेला, ओठ घट्ट मिटले. सगळं अंगण त्यांच्या ताटावरच्या हाताकडं पाहत होतं. हात सुटला नाही.

"जय मल्हार!" ताट खाली टेकलं.

आप्पासाहेब उठले, कुंपणाकडं वळले आणि घसा साफ केला. त्या दिवशी चढवला होता तेवढाच आवाज त्यांनी आजही चढवला.

"ऐका. भिकननं रोग आणला नाय. रोग माझ्या घरातून त्याच्या अंगावर गेला. आम्हाला ठाव होतं. त्यानं येऊन खरं सांगितलं आन् आम्ही लपवलं. कसूर माझा हाये."

बायांचे पदर हळूहळू खाली आले. बानाबाईनं भंडाऱ्याची मूठ भरली आणि एकेकाला लावत गेली. आप्पासाहेबांच्या कपाळाला तिनं जरा जोरातच लावला. पार भुवयांपर्यंत पिवळा केला. त्यांनी लावू दिला.

मग ताटातली एक सुपारी उचलून ते भिकनपुढं आले. आणि पंधरा दिवसांत घराला लागलेली सवय ती, सुपारी धरलेला हात वर गेला, वरून सोडायला. भिकननं ओंजळ केलीच नाही. हात खालीच ठेवून तो मालकाकडं पाहत राहिला. आप्पासाहेबांना कळलं. त्यांनी भिकनचा हात आपल्या डाव्या हातात घेतला, आणि सुपारी त्याच्या तळव्यावर ठेवून मूठ मिटवली.

"ऱ्हा, भिकन. तू म्हणशील तसं साल करू. खोली पक्की बांधून देतो."

भिकननं सुपारी कपाळाला लावली. नऊ वर्षांचं मीठ होतं, त्याचा मान ठेवला. मग वाकून त्यानं ती परत ताटात, खोबऱ्याच्या वाटीशेजारी ठेवली.

"साल भरलं, मालक."

एवढंच. मग त्यानं ताट बाजूला सरकवून मुंडासं उचललं, झटकलं आणि डोक्याला बांधलं.

सामान होतं किती! एक पेटी, भांड्यांची दोन गाठोडी, भंडाऱ्याची पिशवी. सांडूनं गाडीला बांधलं. बानाबाईनं गाई कडूबाच्या हवाली केल्या, तांबडीला आधी वैरण टाकल्याशिवाय ती पान्हा सोडत नाही तेवढं सांगितलं. लक्ष्मीबाई दारात होत्या. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. बानाबाईनं तो त्यांच्या हातातून आपल्या हातात घेतला, पाणी प्याली आणि तांब्या परत हातात दिला.

गाडीवर तिघांना बसता येत नव्हतं. सांडू सामान घेऊन पुढं गेला. हे दोघं स्टेशनच्या फाट्यापर्यंत पायी निघाले. मळ्याची शीव ओलांडली, ऊन चटकू लागलं, तेव्हा बानाबाईनं हातातली घोंगडी घडी करून भिकनच्या डोक्यावर टाकली. दहा पावलं गेल्यावर तो थांबला. घोंगडी डोक्यावरून काढली, नाकाशी नेली, पुन्हा नेली.

"काय झालं?" तिनं घाबरून विचारलं.

भिकनच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तोंड हसत होतं.

"बाने," तो म्हणाला, "लई घाण वास मारतीय गं ही."